आधी पाणी पी

दुकानात कुणीही येवो, काका स्टीलचा तांब्या पुढं सरकवायचे. "आधी पाणी पी रं, मग बोल." भांडायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा तांब्या रिकामा होईपर्यंत निम्मं थंड व्हायचं.

कोरेगावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार आली की जुनी तार काढून नवी गुंडाळायची. काम बसून, म्हणून आम्हा दोघांना जमायचं. फौजेत गाडी दरीत गेली तेव्हा काकांची कंबर मोडली. मी कडेगावला कारखान्यात पोत्यांच्या थप्पीवरून पडलो. दोघंही चाकाच्या खुर्चीत. माझं घर यवतमाळकडं, शाळा सातवीपर्यंत. मला काम कोण देणार? त्यांनी दिलं.

तुम्हाला वाटेल, चालता येत नाही हेच आमचं दुःख. पण खरी भीती लघवीची. मणका तुटल्यानं कंबरेखालचं काही जाणवत नाही, म्हणून लागल्याचं कळतच नाही. दर चार तासांनी हात साबणानं धुऊन नळी घालून काढावी लागते. मोबाईलचा गजर झाला की काका गिऱ्हाइकाला म्हणायचे, "थांबा, सायबांचं बोलावणं आलं."

मला मात्र बजावायचे, "जळजळ आपल्याला कळत न्हाई, गड्या. चोर घरात शिरला तरी कुत्रं भुकत न्हाई."

एकदा माझे पाय आपोआप उडायला लागले. मी हरखून गेलो. फोनवर माय रडली, "पाय हालले का रे बाबू? मारुतीले नारळ फोडतो मी!" मी दुकानात पेढे नेले. काकांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"लघवी गढूळ हाय का? वास मारतीया?"

"जरा येतो वास."

त्यांनी माझ्या कपाळाला पालथा हात लावला. "पाय जागं झालं न्हाईत, रं. त्ये बोंबलत्यात. आत जंतू झाल्यात. रिक्षा बोलव."

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. मी थंडीनं कापत होतो. काका चार दिवस खाटेशेजारी. "तुझी आई लय लांब हाय. ती येईस्तवर मी हाय न्हवं?" गजर झाला की सायबांकडं जाऊन परत यायचे.

मग त्यांच्या पुतणीचं लग्न आलं. कार्यालयातल्या संडासाला तीन पायऱ्या, दार अरुंद. "भरल्या मांडवात चार जणांनी मला उचलून न्यायचं व्हय? त्यापरास सकाळपासनं पाणीच पीत न्हाई. एका दिसानं काय हुतंय?" असं तेच म्हणाले. दिवसभर नळीलाही सुट्टी.

तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांचे पाय खुर्चीवर उडताना दिसले.

"काका, पाय बोंबलताहेत. रिक्षा बोलावू?"

"दमलोय नुसता. उद्या जाऊ."

मोठ्या माणसापुढं कसं बोलायचं? मी हातातली तार गुंडाळत राहिलो. दुसऱ्या सकाळी ते हाकेला ओ देत नव्हते. साताऱ्याला नेलं, खाटेशेजारी मी बसलो. ते परत आले नाहीत.

दुकान आता मी बघतो. काकींनी त्यांचा मोबाईल मला दिलाय, गजर तोच ठेवलाय.

आत्ता हे लिहिताना माझा डावा पाय उडाला. थोड्या वेळानं पुन्हा उडाला. मी रिक्षावाल्याला फोन केला. तो येईपर्यंत स्वतःच्याच कपाळाला पालथा हात लावून बसलोय.