तुळजाक्काच्या दोन टाळ्या

डिसेंबर लागला की सकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन टाळ्या वाजायच्या. फार जोरात नव्हेत. पण माझा सात वर्षांचा सुधीर, ज्याला शाळेसाठी उठवायचं तर दहा हाका आणि एक धपाटा लागायचा, तो त्या दोन टाळ्यांनी पांघरूण भिरकावून दारात उभा राहायचा. त्याच्या मागोमाग डोळे चोळत मंगल. ती चार वर्षांची, चपला उलट्या पायांत घालून निघायची. मी चुलीपाशी बसून हे बघायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

टाळ्या वाजवणारी बाई म्हणजे तुळजाक्का. एकोणीसशे एकोणसाठ साली यांची रेल्वेतली नोकरी आम्हाला बेळगावहून बंगळूरजवळच्या के. आर. पुरमला घेऊन आली, तेव्हा ते खेडंच होतं. गल्ली संपली की तळं, तळ्याच्या पलीकडे नाचणीची आणि अवरेची शेतं. तुळजाक्काचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं, असं ती सांगायची. तिची मराठी ऐकली की ते पटायचंही, कारण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत जाऊन बसायचं. पन्नाशीची, बुटकी, एकटी. गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवून पोट भरायची. थंडीत नऊवारीवर भावाचा जुना खाकी कोट चढवायची. त्याच्या बाह्या इतक्या लांब की टाळी वाजवायच्या आधी तिला त्या दोनदा दुमडाव्या लागत.

आम्ही येऊन आठवडा झाला असेल नसेल, ती दारात आली आणि म्हणाली, "बेळगावकरीण, लेकरं दे की. दोन तासांनी परत देते." जणू मी तिला विरजण देणार होते. मी नाही म्हणायच्या आतच दोघंही पायरी उतरून गेली होती. मी मफलर घेऊन मागे धावले, थंडी आहे, थंडी आहे, म्हणून ओरडले. तुळजाक्का मागे वळून म्हणाली, "थंडी लेकरांस लागत नाही गं, आयांस लागते."

पोरं परत आली तेव्हा पायांना चिखल, नाकं लाल, केसांत गवताच्या काड्या. आता सर्दी होणार, मग खोकला होणार, मग मी तिला सुनावणार, असा सगळा बेत मी मनात आखून ठेवला होता. दोघांपैकी एकही शिंकलं नाही. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

काय करायची ती गल्लीतल्या पोरांना घेऊन? तसं पाहिलं तर काहीच नाही. पोरं एकामागे एक उभी राहून पुढच्याचे खांदे धरायची आणि तोंडातून वाफ सोडत बांधावरून आगगाडी न्यायची. दव पडलेल्या गवतावर पाय घासून हत्ती काढायची. वेताची काटकी वाकवून तिच्यावर कोळ्याचं दवभरलं जाळं अलगद उचलून घ्यायची आणि कुणाचं न फाटता गल्लीपर्यंत येतं याची शर्यत लावायची. नाचणीच्या गंजीत लपायची. शेवटी काट्याकुट्या पेटवून, शेतवाल्याला विचारून घेतलेल्या अवरेच्या शेंगा भाजून खायची.

अवरे म्हणजे आपल्या पावट्याचीच बहीण. पण थंडीत दव पडलं की त्या शेंगेवर एक चिकट तेल येतं आणि त्याचा वास हाताला धरून बसतो. इकडचे लोक त्याला सोगडु म्हणतात आणि बाजारात शेंग आधी हुंगून मगच घेतात. माझी पोरं घरी यायची ती त्या वासाची. मंगल बोटं नाकाशी धरून बसायची. मी दोघांना न्हाणीत नेऊन साबणाने खसाखसा हात धुवायची, दोनदा. मंगल रडायची. स्वच्छता, दुसरं काय, असं मी यांना सांगे. ती स्वच्छता नव्हती. माझ्या पोरांच्या हातांना दुसऱ्या बाईचा वास येत होता आणि तो मला सहन होत नव्हता.

एका रविवारी मी ठरवलं की तिला जमतं ते मला का जमू नये. पोरांना घेऊन मीच तळ्यावर गेले. तिथे माझ्या तोंडून निघालं काय, तर पाण्याजवळ जाऊ नको, ओल्यात बसू नको, टोपी काढू नको. आगगाडी सुरूच झाली नाही. सुधीर मोठ्या माणसासारखा म्हणाला, "आई, आपण घरी जाऊ या का?" मी हार मानली नाही. टपोऱ्या शेंगा बघून घेतल्या, घरी आणून गरम पाण्यात स्वच्छ चोळून धुतल्या आणि झकास उसळ केली. पोरांनी एकेक घास खाल्ला आणि एकमेकांकडे बघितलं. वासच नव्हता.

सुधीरने ही बातमी अर्थातच पोचवली. तुळजाक्का हसत हसत दारात आली. "अगं, तो चिकटपणा म्हणजेच अवरे. तू तोच धुऊन टाकलास की!" तिच्या हसण्यात कुचकेपणा कधीच नसायचा, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत मंगल तापाने फणफणली. मी वाटच बघत होते म्हणा ना. तशीच तरातरा तुळजाक्काच्या दारात गेले. ती मशीनवर बसली होती, दोन बायका मापं द्यायला आलेल्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "तुम्हाला स्वतःची नाहीत, म्हणून दुसऱ्याची पोरं थंडीत मारता का?"

मशीनचं चाक थांबलं. तिने दोरा तोडला, कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "सरी." म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी मंगलच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर होता. माझी बहीण आठवड्यापूर्वी आपल्या मुलासह येऊन गेली होती आणि त्याला तिकडे गेल्यावर गोवर निघाला होता, हे मला पत्राने कळलं. मी ते पत्र डब्यात ठेवलं आणि गप्प बसले. जाऊन चार शब्द बोलायला काय लागत होतं? वीस पावलांवर घर. पण मी गेले नाही.

टाळ्या बंद झाल्या. माझ्याच पोरांसाठी नाही, सगळ्या गल्लीसाठी. पहिले काही दिवस मला गोड झोप लागली, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की सुधीर सहा वाजता आपोआप उठतो, खिडकीच्या गजांना धरून उभा राहतो आणि धुकं विरलं की परत अंथरुणात जातो. पुढच्या थंडीतही तेच.

बासष्टच्या जानेवारीत यांची हुबळीला बदली झाली. सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पोरांना उठवलं, हाताला धरलं आणि तुळजाक्काचं दार वाजवलं. ती कोटातच होती.

"अक्का, मंगलला गोवर होता," मी म्हणाले. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मलापण कळलं होतं की. गल्लीत गोवर लपतंय होय?"

"मग टाळी का बंद केलीत?"

तिने बाह्या दुमडल्या. "एक आई घरात जळत बसलेली असताना बाकीच्यांची लेकरं नेऊन खेळवू कशी? वाट बघत होते, येशील म्हणून. आता आलीस. चल."

"मी?"

"मग काय. तू शेवटचा डबा."

तिने कोपऱ्यावर दोन टाळ्या वाजवल्या. गल्लीतली दारं धडाधड उघडली. आणि मी, तिशीची बाई, मंगलच्या इवल्या खांद्यांवर वाकून हात ठेवून, तोंडाने वाफ सोडत बांधावरून धावले. चप्पल कुठे पडली ते कळलं नाही. बेळगावातही अशीच थंडी पडायची, असंच धुकं असायचं. पण मी सहा भावंडांत थोरली. सातव्या वर्षापासून मला थंडी म्हणजे बंब पेटवणं आणि काखेतलं पोर सांभाळणं एवढंच ठाऊक होतं. खिडकीतून दुसऱ्यांची पोरं दवात नाचताना दिसायची. बांधावर धावता धावता मला कळलं की इतके दिवस मला हेवा तुळजाक्काचा वाटत नव्हता. मला माझ्या पोरांचा हेवा वाटत होता. पोटच्या पोरांचा. लाज वाटली, आणि तरी मी धावतच राहिले. त्या दिवशी मी कुणाचेही हात धुतले नाहीत, माझेही नाहीत.

पुढच्याच थंडीत हुबळीला गल्लीतून पत्र आलं. तुळजाक्का गेली. दोन दिवसांचा ताप, बस्. सुधीर परसात जाऊन बसला. मंगल तर हमसून हमसून रडली, आणि माझ्या मेल्या मनात आलंच, की मी गेल्यावर ही इतकी रडेल का?

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी उठले. बाहेर धुकं होतं. यांचा जुना कोट अंगावर चढवला, अंगणात जाऊन उभी राहिले आणि दोन टाळ्या वाजवल्या. आत पांघरुणं फेकल्याचा आवाज झाला. मंगल धावत दारात आली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. ती माझ्या मागे, रस्त्यावर, फाटकापलीकडे बघत राहिली, टाळी कुणी वाजवली म्हणून.

"मीच वाजवली," मी म्हणाले. "चल. चपला राहू देत."