ठोबाईचा नवा घोडा

मैदानावर तिला समोरून सगळे बाई म्हणायचे आणि पाठ वळली की ठोबाई. शर्यत सुरू करायला हात वर करून बार काढायचा, हे तिचं सुट्टीच्या दिवसाचं काम. एरवी ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापणीच्या टेबलापाशी उभी असे. कापडाच्या मोठ्या थप्प्या यंत्र कापायचं. कॉलर, खिसे आणि बगलेची अवघड वळणं मात्र तिच्या कात्रीकडे यायची.

बाईच्या पायाला भिंगरी होती. जेवताना एक पाय हलत असे, टीव्ही बघताना दुसरा. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही उत्तर देऊन मोकळी. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिला लाल दिवा दिसतच नाही, फक्त हिरवा दिसतो." तरुणपणी ती स्वतः धावायची आणि हमखास बार व्हायच्या आधीच सुटायची. शेवटी जुन्या मास्तरांनी वैतागून पिस्तूलच तिच्या हातात दिलं. "घे, आता तुझ्या आधी कोण सुटतो बघू!" तेव्हापासून ते पिस्तूल तिच्याकडे ते आजतागायत.

पिस्तूल क्रीडा संघटनेचं होतं. काळं, जड, नुसता आवाज आणि धूर काढणारं. चाप ओढायला लागलं की त्याच ओढीत मागचा घोडा उचलला जाई, काडतुसांची चकती एक घर पुढे फिरे आणि अगदी शेवटी घोडा सुटून आपटे. सगळी कामं एका ओढीत, म्हणून ती ओढ लांब आणि कडक. एखादा धावपटू आधीच सुटला तर सगळ्यांना परत बोलवायला लगेच दुसरा बार काढावा लागतो. तोही नुसता पुन्हा चाप ओढला की निघत असे. इतक्या वर्षांत तिला त्यात काही खोट दिसली नव्हती.

मग ती स्पर्धा झाली.

मोठ्या मुलींची अंतिम शर्यत होती. बाईच्या सगळ्यात जवळच्या, पहिल्या पट्ट्यात एक उंच, शिडशिडीत मुलगी होती. तिला सगळे सुतळी म्हणत. यंदा हीच पहिली येणार असं जो तो बोलत होता.

"जागेवर!" बाई ओरडली. मुली वाकल्या. "तयार!" मुलींनी कंबर उचलली आणि सगळ्या थिजल्या. बाईने चाप ओढायला घेतला आणि अर्ध्यात बोट अडकलं. कात्री धरून धरून तिच्या तर्जनीला हे नवंच दुखणं लागलं होतं. बोट वाकताना मध्येच रुतून बसायचं आणि मग खटकन सुटायचं. ते रुतलं आणि तेवढ्यात सुतळी सुटली. तिच्या मागोमाग बार झाला. बाईने घाईघाईने दुसरा बार काढून सगळ्यांना परत बोलावलं.

नियम साधा होता, आधी सुटेल तो बाहेर. मोठे पंच लाल कार्ड घेऊन आले.

"बाई, टिक झालं!" सुतळी म्हणाली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"कसलं टिक?"

"पिस्तुलात. आधी टिक झालं, म्हणून मी सुटले. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"बार ऐकून सुटायचं असतं, टिक ऐकून नाही," मोठे पंच म्हणाले. आजूबाजूचे हसले.

सुतळी रडली नाही, भांडली नाही. तिने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि ती अनवाणीच मैदानाबाहेर गेली. बाई बघत राहिली. पुढची शर्यत तिने कशी सुरू केली ते तिचं तिला कळलं नाही.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर तिने मोठ्या पंचांना गाठलं. "साहेब, माझं बोट अडकलं होतं. त्या मुलीची चूक नव्हती."

"तिचा पाय आधी हलला की नाही?"

"हलला, पण…"

"मग झालं. बाई, पदकंसुद्धा वाटून झाली. डोक्यातून काढून टाका."

डोक्यातून काढून टाकणं तिला जमलं असतं तर ती ठोबाई कशाला झाली असती! कारखान्यात तिची कात्री भलतीकडे जाऊ लागली. एकदा तिने एका गणवेशाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मुकादम बाह्या हातात धरून म्हणाला, "या पोराला उजवा हात नाही का?" एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने मुकाट्याने नवं कापड ओढलं. डॉक्टर म्हणाले, "बोटाला विश्रांती द्या." ती म्हणाली, "बोटाला देईन हो. मला कोण देणार?"

शेवटी ती क्रीडासाहित्याच्या दुकानात गेली. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावणारा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने काचेवर दोन पिस्तुलं ठेवली. एक तिच्या जुन्यासारखंच, पण नवं. दुसरं लहान, लाकडी मुठीचं.

"हे तुमच्या ओळखीचं," तो म्हणाला, "डबल ॲक्शन. चापच घोडा चढवतो आणि चापच सोडतो. याची ओढ कडक असते, म्हणजे चुकून बार होत नाही. आणि दुसरा बार हवा तेव्हा तयार."

"आणि हे?"

"हे सिंगल ॲक्शन. याचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून चढवायचा. चकती तेव्हाच फिरते, जी काय टिकटिक व्हायची ती तेव्हाच होते. नंतर चापाला फक्त घोडा सोडायचं काम. अगदी अलगद."

तिने रिकामं पिस्तूल हातात घेतलं, घोडा चढवला आणि चापावर बोट टेकवलं. टेकवलं म्हणेपर्यंत घोडा आपटला.

"बोट बाहेर ठेवायचं," दुकानदार शांतपणे म्हणाला. "बार काढायच्या क्षणालाच आत न्यायचं. आणि प्रत्येक बाराआधी घोडा पुन्हा चढवायचा, हे विसरायचं नाही."

"म्हणजे हे माझ्या बोटाला चांगलं आणि माझ्या स्वभावाला वाईट."

"स्वभावाचा सुटा भाग आमच्याकडे मिळत नाही," दुकानदार म्हणाला. त्याने तिला ते पिस्तूल चार दिवस वापरून बघायला दिलं.

घरी नवऱ्याने दोन्ही पिस्तुलं उचलून बघितली, जुन्याचा चापही ओढून पाहिला. "माझं विचारशील तर ब्रेक कडक असलेला बरा," तो म्हणाला. "नरम ब्रेकवर नवा ड्रायव्हर सगळ्या प्रवाशांना पुढच्या बाकावर आणून बसवतो."

"तुम्हाला बसशिवाय दुसरं काही सुचतच नाही."

"तुला तरी सध्या पिस्तुलाशिवाय काय सुचतंय?"

वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोनच्या केंद्रात काढली होती. कानाला यंत्र लावून हजारो माणसांचे आवाज जोडून द्यायचे आणि स्वतः ढिम्म हलायचं नाही, हा त्यांचा खाक्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मोठं पिस्तूल वाजतं. मघाशी यानं चाप दाबला तेव्हा घोडा पडायच्या आधी दोनदा वाजलं."

बाईला राहवेना. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्याबरोबर ती दोन्ही पिस्तुलं घेऊन मैदानावर गेली. सुतळी तिथे एकटीच पायाचे स्नायू ताणत बसली होती.

"एक काम करशील?" बाईने विचारलं. "पाठ करून पहिल्या पट्ट्यात बस. काडतूस नाहीये आत. पहिला आवाज ऐकू आला की हं म्हण."

सुतळीने खांदे उडवले, पण बसली. बाईने जुन्या पिस्तुलाचा चाप ओढायला घेतला. अर्धा ओढला न ओढला तोच सुतळी म्हणाली, "हं." घोडा त्यानंतर पडला. पुन्हा तेच झालं. मग बाईने नव्याचा घोडा आधीच चढवून ठेवला, थोडी थांबली आणि चापाला बोट लावलं. सुतळीचं "हं" आणि घोड्याचा आवाज एकदमच झाले.

सुतळी वळली. "मग त्या दिवशी हे का नाही आणलं?"

"माझी चूक झाली," बाई म्हणाली. "मी पंचांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या स्पर्धेत तू धाव, मी हेच पिस्तूल आणते."

"मी धावणं सोडलंय," सुतळी म्हणाली. "लांब उडीत नाव घातलंय. उडी मारायला पिस्तूल लागत नाही." तिने पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली. पुढे ती उडीतच राहिली. धावपट्टीच्या त्या टोकाला परत कधी आली नाही, आणि बाईशी कधी वाकडंही बोलली नाही. बाईला ते जास्त लागलं.

निवड झाली, असं बाईने ठरवून टाकलं. नवंच पिस्तूल. दुकानदाराचे पैसेही तिने चुकते केले. त्याच आठवड्यात लहान मुलांच्या शाळेची शर्यत होती, तिथे ती ते घेऊन गेली. जुन्या कडक चापावर बोटाचा भार टाकून उभं राहायची तिला वर्षानुवर्षांची सवय. "तयार" म्हणताना बोट आपसूक चापावर गेलं आणि ठो! निम्मी पोरं अजून बूड टेकून बसली होती. उरलेली पळत सुटली. परत बोलवायला बाईने हात वर ठेवूनच अंगठ्याने घोडा ओढायला घेतला. अंगठा घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. घोडं अडलं ते अडलंच. तोवर पोरं दोरीला पोहोचली, एक पोर तर त्याच भरात फाटकातून बाहेर पडलं आणि शिपायाला त्याच्यामागे धावावं लागलं. बसून राहिलेली पोरं विचारत होती, "बाई, आम्ही हरलो का?" प्रेक्षकांत हास्याचा कल्लोळ झाला. बाईचं तोंड एवढंसं झालं.

घरी येऊन तिने दोन्ही पिस्तुलं टेबलावर आपटली. "हे आधी बोलतं आणि ते आधी सुटतं! मीच सोडते हे सगळं. नवीन माणूस बघा म्हणावं."

ती स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटून आली, पुन्हा गेली. वन्सं तिच्या येरझाऱ्या बघत होत्या. अखेर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"एका जागी उभी राहा बघू. तुझ्यामुळे मलाच घेरी येतेय. शर्यत सुरू करायला हलकं पिस्तूल हवं, कारण त्याचा आवाज आधी होत नाही. बरोबर?"

"हो."

"आणि परत बोलवायला कडक हवं, कारण ते लगेच दुसरा बार काढतं."

"हो, पण हात एकच आहे ना मला!"

"तुला एक आहे गं. घरात बाकी हात आहेत की. तू शर्यत सुरू कर. मी मागे जुनं घेऊन उभी राहते. कुणी आधी सुटला की मी बार काढते."

"तुम्ही?" बाईला हसू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं मैदानाचं ते टोक तिच्या एकटीचं होतं. तिथे पाठीमागे दुसऱ्या कुणी पिस्तूल घेऊन तिच्या चुका बघत उभं राहायचं, तेही नणंदेने! "वन्सं, त्याला तीक्ष्ण नजर लागते."

"आयुष्यभर मी दिवा लागला की तार जोडली. एक तरी चुकीच्या घरी जोडली का, विचार याला."

"एकदा जोडली होतीस," नवरा म्हणाला.

"ती मुद्दाम जोडली होती," वन्सं म्हणाल्या.

बाई दोन दिवस धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने संघटनेत जाऊन सांगितलं. पंचांनी नाक मुरडलं, पण हरकत घेतली नाही. घराच्या गच्चीवर सराव सुरू झाला. हलका चाप, बोट बाहेर, आता आत. दर वेळी बोट आधीच आत शिरे आणि दर वेळी वन्सं मागून म्हणत, "आलं बघ पाहुणं." ती चिडे, पुन्हा घोडा चढवे. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाने हात वर करून म्हटलं, "बाई, मी शरण आलोय!"

मोसमातल्या शेवटच्या स्पर्धेला दोघी एकत्र गेल्या. वन्संनी कानात कापूस कोंबला होता आणि डोक्यावर मोठी टोपी घातली होती. मुलांची शर्यत लागली. बाईने घोडा चढवला, "तयार" म्हटलं. पाठीवर कुणाची तरी नजर आहे हे तिला मानेपर्यंत जाणवत होतं. बोट शिवशिवत होतं. तिने ते बाहेरच ठेवलं. सगळी पोरं थिजली तेव्हा आत नेलं आणि बार काढला. पण चौथ्या पट्ट्यातला एकजण बाराच्या किंचित आधी निसटला होता. तिने अंगठा घोड्याकडे नेलाही नव्हता, तोच मागे ठो झालं. सगळे थांबले, परत आले. मोठे पंच त्या पोराकडे कार्ड घेऊन निघाले.

बाई वळली. वन्संची टोपी कानावर आली होती. "दिसलं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"पाय हलला त्याचा. टाचेपासून."

"अगदी नक्की?"

"नक्की. आणि तुझ्या पिस्तुलाचं काही ऐकू आलं नाही. मी कापूस काढून ठेवला होता."

बाईने पंचांना हाक मारून थांबवलं आणि त्या पोराला स्वतः जाऊन सांगितलं, "तू आधी सुटलास. पिस्तुलाचा दोष नव्हता, मी खात्री करून घेतली." पोराने मान डोलावली आणि तो बाजूला झाला. उरलेल्यांना तिने पुन्हा जागेवर बोलावलं.

संध्याकाळी बसच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. बाईचा पाय हलत होता.

"वन्सं, तुमचा बार जरा उशिरा आला असं मला वाटलं."

"मला ऐकू येत नाहीये," वन्सं म्हणाल्या. "कानात अजून तुझा ठो घुमतोय. घरी गेल्यावर सांग."