मान वळवायची सुई

उकळत्या तेलानं भाजलेल्या हातावरचा जाड व्रण मऊ व्हावा म्हणून मी दर महिन्याला वर्ध्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायचे. बाकावर शेजारी अल्लीपूरची एक बाई असायची. तिच्या गळ्याची भाजलेली कातडी इतकी आवळली होती, की नाव पुकारलं की ती सगळं अंगच फिरवायची. सुई व्रणात घुसताना पदर दातात धरायची, पण हूं करायची नाही.

एकदा माझ्यासोबत आलेली माझी सासू मागच्या बाकावरून तिला म्हणाली, "लगन तं झालं तुयं, आता कोनाले दाखवाचं हाय? काऊन सुया टोचून घेते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती उठली, अख्खी वळली.

"मले मान वळवाची हाय, मावशी. मागून कोन बोलून राह्यलं, थे पाहाले."