तोमेकिचीने गिळलेले शब्द

तोमेकिचीसारखा रडका गळा आमच्या बंदरात दुसरा झाला नाही. बोलायला गेला तर माणूस घोगरा, चार शब्दांत दमणारा. पण ओनोएबाईच्या दारूच्या दुकानात हातात माईक आला, की टेबलं पुसायची फडकी लोकांच्या डोळ्यांना लागायची. गाणी सगळी एकाच जातीची. बोट सुटली, बाई गेली, हा धक्क्यावर राहिला. गाव म्हणायचं, हाकोदाते शहरातली कुणी बाई याला टाकून गेली असणार. मी त्याच्याच बोटीवर माकूळ धरायचो, म्हणून मला खरं ठाऊक. टाकून जायला आधी कुणी यावं लागतं. याच्याकडे कुणी आलंच नव्हतं.

कारण होती इसोको. किनाऱ्यावर दोऱ्यांवर माकूळ वाळत घालायची, हात असे की बघणाऱ्याने बघत राहावं. संध्याकाळी ती दुकानात बापाला न्यायला यायची, आणि तोमेकिची गात असला तर गाणं होईपर्यंत दारातच उभी राहायची.

"अरे, विचार की तिला," मी म्हणायचो.

"गाणं ऐकते ना, तेवढं पुरे."

असं पुरे पुरे करताना तिचं लग्न ठरलं. पलीकडच्या बंदरातलं, जाळी-दोर विकणारं चांगलं घर. नवरा मुलगा मऊ स्वभावाचा, पण घर चालायचं त्याच्या आजीच्या, कानेबाईंच्या शब्दावर. थोरल्या नातवाच्या लग्नात कुणी दारूच्या भरात ताटातुटीचं गाणं म्हटलं होतं, आणि वर्षाच्या आत ती सून माहेरी गेली ती गेलीच. तसं लग्नात तुटणं, सुटणं, परतणं, संपणं हे शब्द आमच्याकडे कुणीच काढत नाही. माशाला 'सुरी लावतात', कापत नाहीत. जेवणसुद्धा संपत नाही, 'उघडतं'. पण कानेबाईंनी बोलणीच्या वेळीच बजावलं होतं, "माझ्या कानावर तसला एक जरी शब्द पडला, तर मुलगी तशीच बापाच्या दारात." आणि ही म्हातारी बोललेलं करायची.

लग्नाचं जेवण कोळी सोसायटीच्या हॉलात, भर दुपारी. गाण्याचं यंत्र अध्यक्ष इवाबुचींनी ओनोएबाईकडून मागून आणलं होतं. मंगल गाण्याची एकच टेप होती. ती लावून इवाबुची स्वतः गायले, आणि शेवटच्या कडव्यात यंत्राने ती टेप खाऊन टाकली. चला, गाणी झाली, म्हणून मी लग्नातल्या लाल भाताकडे वळतोय, तोच कानेबाई म्हणाल्या, "तुमच्या गावात म्हणे मोठा गवई आहे. ऐकू दे की आम्हालाही."

सगळ्या माना तोमेकिचीकडे. नवऱ्याकडच्या सगळ्यात वडील माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. मी टेपांच्या खोक्यात हात घातला. दुकानातल्या टेपा त्या. हिच्या नावात अश्रू, तिच्या नावात शेवटची बोट.

"एकही चालायची नाही," मी कुजबुजलो. "घसा बसलाय म्हण."

"आत्ताच तर बसून ओरडत होतो मी, मासा इकडे द्या म्हणून. त्यांनी ऐकलंय."

"मग मधेच खोकला काढ. लेका, त्या पोरीचं घर आहे हे."

"माहितीये मला," तो म्हणाला आणि त्याने माझ्या हातातली एक टेप घेतली. कुठली ते मी पाहिलं. इसोको दारात उभी राहून ऐकायची, तीच.

इवाबुचींच्या हातातला पेला तिथेच राहिला. इसोकोचा बाप ताटात बघत होता. नवरीच्या पांढऱ्या टोपाखाली इसोकोची मान आणखी वाकली, मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट. सूर सुरू झाले. तोमेकिची गाऊ लागला.

"दिवा लागला धक्क्यावर, बोटीचा दोर..."

आणि तोंड मिटलं. यंत्र आपलं वाजतंय, हा गप्प. शब्दाची जागा सुरावरून तशीच रिकामी गेली.

"लाट आली पायाशी, लाट मागे..."

पुन्हा गप्प. कानेबाईंनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. मला वाटलं, ओळखलं हिने. आमच्या बंदरातल्या प्रत्येकाला ते गाणं पाठ, प्रत्येकाच्या जिभेवर तो शब्द आलेला, आणि प्रत्येकजण दात आवळून बसलेला. हॉलभर माणसं एक शब्द गिळून बसलीत, असं मी जन्मात पुन्हा पाहिलं नाही.

शेवटची ओळ राहिली. ती तो इसोकोकडे न बघता गायला.

"सांगायचं होतं तुला, वेळ माझी..."

तो थांबला. मी बघत होतो म्हणून मला दिसलं. टोपाखाली इसोकोचे ओठ हलले. आवाज नाही. तो शब्द तिने म्हटला आणि ओठ मिटून घेतले. तोमेकिचीने बघितलं की नाही, मी कधी विचारलं नाही. त्याने माईक मात्र दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"असा अडखळत का गातोस रे?" कानेबाईंचा आवाज आला.

"दम लागतो, आजी."

"बिड्या कमी ओढ." म्हातारीने स्वतःच्या हाताने त्याला साके ओतली. "गळा गोड आहे हो. फक्त पोकळ्या फार."

आधी इवाबुची हसले, मग आम्ही सगळे. इतका वेळ कोंडलेला श्वास होता तो. जेवण व्यवस्थित उघडलं आणि इसोको सासरी गेली.

तेव्हापासून तोमेकिचीने ते गाणं दुकानातही तसंच गायलं. तो थांबायचा आणि राहिलेला शब्द आम्ही सगळे टेबलं बडवून ओरडायचो. ओनोएबाई वैतागायची, पेले फुटतात म्हणून.

पुढच्या वर्षी इसोको माहेरी आली होती, पाठीला बाळ बांधलेलं. संध्याकाळी बापाला न्यायला आली आणि दारात थांबली. तोमेकिची गात होता. पहिली जागा आली, तो थांबला.

टेबलावर कुणाचाही हात पडला नाही. यंत्र एकटंच वाजत राहिलं.