भिंतीपलीकडची लाईन

भिंतीवर पळीचे दोन ठोके पडले की आमच्या घरातली कामं जागच्या जागी थांबत. पाठोपाठ पलीकडून हाक येई, "आवं वैनी, या लवकर, लागलं!"

लागलं म्हणजे नेट लागलं, आणि नेटवर माझा धाकटा भाऊ. तो फौजेत. रविवारी त्याला सवड मिळायची. पाटणच्या आमच्या आळीमागं डोंगर, त्यामुळं मोबाईलवर नुसतं बोलतानाही आवाज तुटायचा, चेहरा दिसणं लांबच राहिलं. ब्रॉडबँड होतं ते फक्त शेजारच्या काकींकडं, त्यांच्या जुन्या फोनच्या लाईनवर. आई पिठाचे हात तसेच घेऊन पळायची.

एकेकाळी हे उलटं होतं, तेही सांगायला हवं. आळीत पहिला फोन आला तो आमच्याकडं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर आधी फोन घेतला. साऱ्या आळीनं पाहुण्यारावळ्यांना आमचाच नंबर देऊन ठेवलेला. काकींच्या सांगलीला शिकणाऱ्या लेकीचा फोन आला की आई भिंतीवर पळी वाजवायची. म्हणजे ही खूणसुद्धा मुळात आमची. ती काकींनी उचलली, हे मला फार झोंबायचं.

मीही ब्रॉडबँड मागितलं. मोडेम आला. त्याचा दिवा पेटायचा, लुकलुकायचा आणि विझायचा. फोनवर बोलणं व्हायचं, नेट टिकायचं नाही. लाईनमन खांबावरून उतरला आणि म्हणाला, "सायेब, केबल लय जुनी हाय. नेट चालंल अशी तारांची एकच जोडी राहिलीया. ती काकींच्या घरात गेलीया."

फोन माझा आधीचा, आणि धड तार त्यांच्या घरात!

काकींना कळलं. म्हणाल्या, "माझा पासवर्ड घे की. भिंतच तर हाय मधी."

"नको. माझ्या घरात माझीच लाईन येईल."

"येऊ दे बाबा," त्या हसल्या. "तवर तुझी आई माझी."

थट्टाच ती. पण होतं तसंच. मी त्यांच्या दारात उभा राहून बघायचो. भाऊ सगळ्यात आधी विचारायचा, "काकी, आज काय केलंय?" काकी कढईच कॅमेऱ्यापुढं धरायच्या.

"बघ, वांगं. वास येतोय का?"

"येतोय की! मीठ कमी हाय."

आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आमच्या घरात ती अशी कधी हसल्याचं मला आठवत नाही. एकदा भावानं मला हेरलं. "दादा, आत ये की. परक्यासारखा काय उभा राहिलास?"

परक्यासारखा! सख्खा भाऊ, मी शिकवलेला.

तुम्हालाही भेटली असतील अशी माणसं. त्यांचा राग करायला काही कारण सापडत नाही, आणि म्हणूनच तो जास्त येतो.

पुढं काकींचे गुडघे गेले. लेकीनं त्यांना सांगलीला, विश्रामबागेत आपल्याकडं न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी लाईनमन माझ्या दारात आला. काकींनी आपला फोन बंद करून ती जोडी मला द्यायला लावली होती. त्याच्यामागं काकी, भिंतीला धरून उभ्या.

"दिवा बघू दे, मग जाते."

दिवा पेटला, लुकलुकला आणि स्थिरावला. हिरवागार.

"झालं," काकी म्हणाल्या. "घे, आता तुझी आई तुला."

रविवारी भाऊ दिसला. आमच्या घरात, माझ्या टेबलावर, अगदी स्वच्छ. मी आईसाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. आत गेली, पळी घेऊन आली आणि भिंतीवर दोन ठोके दिले.

"आवं, या लवकर, लागलं!"

पलीकडं कुलूप होतं. ते आईनंच लावलेलं; किल्ली तिच्याच कमरेला होती. तरी ती भिंतीला कान लावून थांबली. पडद्यावर भाऊही बोलायचा थांबला. दोघंही पलीकडून हाक यायची वाट बघत राहिले, आणि मी माझ्याच घरात, रिकामी खुर्ची धरून उभा.