डावी ड्युटी

जंगलाच्या कडेला नोकरी केली की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. साडीच्या काठाला कुसळं चिकटतात ना, तसे ते आपोआप घरापर्यंत येतात. एक काढावा तर दुसरा बोटाला लागतो. आमच्या उपकेंद्रात दुपारी पेशंट ओसरले आणि चुलीवर चहा चढला, की कोणीतरी म्हणतंच, "शिष्टर, तो विंचवाचा सांगा ना." आणि मग लसींचे डबे बाजूला राहतात.

मी नर्स. मूळची वरोऱ्याची, म्हणजे कापूस-सोयाबीनच्या उघड्या मुलखातली. तिथे दोन मैलांवरचा माणूस आपोआप दिसतो, म्हणून मुद्दाम बघायची सवयच लागत नाही. बदली झाली ती थेट सिंदेवाहीपलीकडच्या झाडीत. इथे दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि न दिसलेलं महागात पडतं.

*

पहिल्या दिवशी एसटीतून उतरले आणि तळ्याच्या पाळीवरून उपकेंद्राकडे निघाले. हातात फोन. आईला सांगत होते की पोचले, जेवले, काळजी करू नको. उपकेंद्राच्या पायरीवर, जिथून एसटीच्या थांब्यापर्यंत सगळी पाळ दिसते, गावच्या आशाताई बसल्या होत्या, शेवंताबाई मडावी. चाळिशीच्या, काटक, बोलणं मोजकं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, येताना वाटेत काय काय दिसलं?

मी म्हटलं, काही विशेष नाही. तळं, झाडं.

मग त्यांनी पायरीवर बसल्याबसल्या मला माझीच वाट सांगितली. बॅगेची चेन उघडी आहे. पाळीवरच्या दुसऱ्या वळणाला धामण आडवी गेली, मी तिला ओलांडून आले. आणि निळ्या शर्टाचा एक माणूस माझ्यामागे एसटीतून उतरला, तळ्यापर्यंत मागेमागे आला आणि शेवंताबाई उठून उभ्या राहिल्यावर परत फिरला.

मी वळून पाळीकडे पाहिलं.

"तुमी फोन पाहून राह्यल्या होत्या," त्या शांतपणे म्हणाल्या, "अन् तो तुमाले पाहून राह्यला होता."

त्या दिवसापासून चालताना माझा फोन बॅगेत असतो. आईला मात्र अजून वाटतं की इथे रेंज नाही!

*

आता डावी ड्युटी म्हणजे काय, ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शेवंताबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, कोणी लक्ष दिलं नाही, तो गेला तो गेलाच. आमची गाडी नाल्यापर्यंत जाते, पुढे टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या वस्तीवर, पायी जावं लागतं, दोन किलोमीटर, दोन्हीकडे झाडी. म्हणून आमचा नियम असा, की एकीने शेवंताबाईंच्या डाव्या बाजूने चालायचं आणि त्या बाजूचं ऐकायचं. हीच डावी ड्युटी. पाळीपाळीने येते.

ही ड्युटी सगळ्यांना नकोशी. कारण डावीकडून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे बोलण्यात अर्थ नाही. गप्पा सगळ्या उजवीकडे. डावीकडचीने मुकाट्याने झाडीकडे कान लावायचा.

आमची दुसरी आशा कुंदा. तिला गप्प बसवणं म्हणजे उकळतं दूध झाकण ठेवून थांबवणं. एकदा तिची डावी ड्युटी होती. नाल्यापासून टोल्यापर्यंत तिने आपल्या नणंदेची सगळी हकीकत सांगितली. नणंद काय म्हणाली, ही काय म्हणाली, मग सासू मध्ये कशी पडली. मी उजवीकडून खुणा करत होते, पण ती थांबेना. टोल्यावर पोचल्यावर तिने शेवंताबाईंना विचारलं, सांगा आता, चूक कोणाची?

शेवंताबाईंनी पदराने घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "आज जंगल लई शांत होतं, नाई?"

*

आमचा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रशीदभाऊ. मूल गावचा माणूस, घरात तीन पिढ्या गाड्यांचंच काम. त्याचा एकच मंत्र, गाडी कुठेही लावा, तोंड बाहेरच्या बाजूला. दवाखान्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवाशी, कुठेही. पळायची वेळ आली तर गाडी वळवत बसायचं नाही, एवढं साधं.

सासुरवाडीतही तो तशीच लावायचा. ते सासूच्या मनाला लागलं. जावई घरात पाय ठेवण्याआधीच जायची तयारी करतो, असं ती चारचौघींत बोलली. रशीदभाऊ शेवटी माणूसच. ईदच्या जेवणाला गेला तेव्हा सासूचं मन राखायला त्याने रुग्णवाहिका तोंड घराकडे करून लावली. सासू खूश. दोन घास जास्त वाढले.

बिर्याणी अर्धी झाली आणि फोन आला, बाळंतपणाची केस आहे, लवकर या. रशीदभाऊ हात धुवायलाही थांबला नाही. घाईघाईत गाडी मागे घेतली आणि सासूचं कोंबड्यांचं खुराडं गेलं. कोंबड्या वाचल्या. बाळ-बाळंतीणही सुखरूप. पण अंडी देणारी एक कोंबडी त्यानंतर महिनाभर रुसली होती, असं सासू सांगते.

आता जावयाची गाडी गल्लीत शिरली की सासू स्वतः फाटकात उभी राहून हात करते, "उलटी लाव, बाबा, उलटी!"

*

जंगलात जाणाऱ्यांना मध्यंतरी वनखात्याने मुखवटे वाटले होते. माणसाचा चेहरा, पण डोक्याच्या मागे बांधायचा. वाघ शक्यतो पाठीमागून येतो, त्याला वाटावं की हा माणूस आपल्याकडेच बघतो आहे. कुंदाचा मुखवटा मिशावाला निघाला. ती मोहफूल वेचायला तो बांधून जायची.

एकदा रानातून परस्पर आठवडी बाजारात गेली आणि मुखवटा काढायचा विसरली. वांगी निवडत खाली वाकली होती. मागून एकाने हळूच तिच्या पिशवीत हात घातला, वर पाहिलं, तर मिशावाला माणूस त्याच्याकडे डोळे वटारून बघतो आहे! तो जो पळाला, तो कांद्याच्या ढिगावरून. हे सगळं भाजीवालीने पाहिलं. कुंदाला पत्ताच नाही, ती वांगीच निवडत होती.

तरी उपकेंद्रात येऊन ऐटीत म्हणाली, "वाघाचं मले माहीत नाई, पण चोराले पटला मुखवटा."

*

तो विंचवाचा किस्सा तालुक्याच्या ट्रेनिंगमधला.

शहरातून एक तरुण सर आले होते. विषय, परिस्थितीचं भान. हॉटेलात बसायचं तर पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे ठेवा, लिफ्टमध्ये बटणांजवळ उभे राहा, वगैरे. आमच्या तालुक्यात लिफ्ट नाही, पण आम्ही लिहून घेतलं. कोणी मध्ये बोलायचं नाही, प्रश्न शेवटी विचारायचे, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

तासाभराने म्हणाले, सगळ्यांनी डोळे मिटा. आता मला सांगा, या हॉलला खिडक्या किती?

कोणी चार म्हणालं, कोणी पाच. सर हसले. हेच तर! आपण बघतो, पण पाहत नाही. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या शेवंताबाईंकडे बोट केलं, तुम्ही सांगा, ताई.

शेवंताबाईंनी डोळे मिटूनच सांगितलं. खिडक्या सहा. दोन उघडत नाहीत. तिसरीच्या बाहेर गांधीलमाशांचं पोळं आहे. मागच्या दाराला बाहेरून कडी आहे, ती कोणी लावली तर आपण सगळे आत. "अन् सर, तुमच्या ब्यागेवर विंचू हाय."

सरांनी खाली पाहिलं. होता.

"मी मघापासून सांगीन सांगीन करून राह्यली," शेवंताबाईंनी डोळे उघडले, "पण तुमी मधात बोलू नका म्हनलं."

उरलेलं ट्रेनिंग सरांनी खुर्चीवर उभं राहून घेतलं.

*

अशी ही बाई, आणि तिचंच काम सुटायची वेळ आली होती.

झालं असं, की मोहफुलाच्या हंगामात शेजारच्या गावात एका बाईवर वाघाने झडप घातली. वाकून वेचत होती, एकटीच होती. जिवानिशी वाचली, पण खांदा गेला. त्या दिवसापासून शेवंताबाईंचे यजमान लहानूभाऊ यांनी एकच धोशा लावला. दोन कानांच्या बाईचं हे झालं, मग एका कानाच्या बाईने जंगलात जायचंच कशाला? पावसाळ्याआधी काम सोड.

लहानूभाऊ वाईट माणूस नाही. भयंकर बोलका आणि त्या दिवसांत भयंकर घाबरलेला, एवढंच. शेवंताबाई उलट बोलल्या नाहीत. मला मात्र एकदा म्हणाल्या, "शिष्टर, त्या टोल्यावरचं एक एक लेकरू माझ्या हातावर वाढलं. मी घरी बसून काय करू?" मला रडूच आलं. मी लहानूभाऊंना समजावून पाहिलं, रशीदभाऊने पाहिलं. उपयोग झाला नाही.

मे महिन्यातल्या लसीकरणाच्या दिवशी लहानूभाऊ सकाळीच उपकेंद्रात हजर. शर्टाच्या खिशात काम सोडल्याचा अर्ज, घडी घालून. म्हणाले, आज मीही येतो. पुढल्या महिन्यापासून ही येणार नाही, हे टोल्यावर मीच सांगतो, आणि परत आलो की अर्ज तुमच्या हातात देतो.

नाल्याशी रशीदभाऊने गाडी वळवून, तोंड बाहेर करून लावली आणि तो तिथेच थांबला. कुंदाला धरून आम्ही चौघं निघालो. लहानूभाऊ पुढे, बोलत. जंगलात डोळे नाही, कान लागतात. आपल्याला तर ससा हलला तरी कळतं. वाघ दिसायच्या आधी ऐकू येतो, माकडं ओरडतात, चितळ ओरडतं. कुठी काय ओरडून राह्यलं आता? काहीच नाही. म्हणजे वाट मोकळी.

खरंच काही ओरडत नव्हतं. माझी डावी ड्युटी होती, मी कान लावून होते. काही नाही.

तेवढ्यात शेवंताबाईंनी दोन पावलं पुढे टाकून नवऱ्याचा शर्ट मागून मुठीत धरला.

"गप ऱ्हा. त्या गाई पाहा."

वाटेच्या उजवीकडे, मोहाच्या झाडाखाली, टोल्यावरच्या चार गाई उभ्या होत्या. एकही रवंथ करत नव्हती, एकीचीही शेपटी हलत नव्हती. चौघींचे कान पुढे, आणि चौघींची तोंडं एकाच बाजूला, वळणावरच्या रायमुनियाच्या झुडपाकडे. लहानूभाऊंपासून पंधरा-वीस पावलं असेल.

शेवंताबाई हलक्या आवाजात सांगत गेल्या. एकत्र या. वाकू नका, पळू नका, पाठ फिरवू नका. आम्ही झुडपाकडे तोंड ठेवून एक एक पाऊल मागे सरकलो. लसीचा डबा पोटाशी धरला होता, त्याच्यातला बर्फ माझ्या छातीत आला होता. कुंदाच्या तोंडून शब्द नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

मोकळ्या बांधावर पोचलो तेव्हा एक वाघीण झुडपातून बाहेर आली. वाटेच्या मधोमध बसली. आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली, आणि मग सावकाश उठून नाल्याच्या खालच्या अंगाला निघून गेली. शेवंताबाईंनी नवऱ्याचा शर्ट तेव्हा सोडला. मुठीच्या सुरकुत्या त्यावर तशाच राहिल्या.

बराच वेळ थांबून, टोल्यावरची माणसं फोन करून बोलावून, त्यांच्याबरोबर आम्ही वर गेलो. तिथे लहानूभाऊंना वाचा फुटली. त्यांनी चावडीवर सगळा प्रसंग रंगवला. मला आधीच वास आला होता, मीच सगळ्यायले थांबवलं, मीच मागे आणलं. कुंदाने तोंड उघडलं, तशी शेवंताबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. कुंदा गप्प बसली. एका दिवसात दुसऱ्यांदा! शेवंताबाई मांडीवर एकेक बाळ घेऊन डोस पाजत राहिल्या. नवऱ्याचं बोलणं त्यांच्या उजव्या बाजूला चाललं होतं.

काम सोडायचं सांगायला ते आले होते. ते राहूनच गेलं.

परतताना टोल्यावरची माणसं वळणापर्यंत सोडायला आली. तिथून आम्ही नेहमीसारखे चालू लागणार होतो, कुंदा उजवीकडे, मी डावीकडे. पण मी डावीकडे गेले, तर तिथे जागा नव्हती. लहानूभाऊ चालत होते.

मी काहीतरी विचारलं, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. नाल्यापर्यंत तो माणूस एक शब्द बोलला नाही. मान झाडीकडे, आणि दर थोड्या वेळाने नजर गाई-बकऱ्यांवर. खिशातला अर्ज घामाने ओला झाला होता, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

गाडीशी रशीदभाऊ उभा. त्याने लहानूभाऊंना एवढं गप्प कधी पाहिलंच नव्हतं. काळजीने पुढे आला.

"काऊन लहानूभाऊ, तब्येत बरी नाई का?"

शेवंताबाई गाडीत चढून बसल्या, दार लागलं, तेव्हा कुठे लहानूभाऊंनी झाडीवरची नजर काढली.

"बरी हाय," ते म्हणाले. "ड्युटीवर होतो."