फिनाईलचं घमेलं

"हिचे हात फिनाईलात बुडवा. कोपरापर्यंत."

डॉक्टर हे मला नाही, कंपाउंडरला म्हणाले. मी समोरच उभी होते. तपासणीला आलेले पुण्याचे दोन साहेब बघत होते. घमेल्यात माझी कातडी जळत होती.

साठ सालानंतरची गोष्ट. तोरणमाळवरून उतरून मी नंदुरबारजवळच्या एका कोंबडी केंद्रावर लागले होते. डॉक्टरांना कोवळ्या कोंबड्यांचे आंड लागायचे. ते म्हणायचे वृषण. पाठीच्या कण्याला चिकटलेले, वालाच्या दाण्याएवढे. न फुटता ते काढायचा हात फक्त माझा. डॉक्टरांच्या हातून ते फुटायचे. मग ते बारीक कातरायचे, गाळायचे. तुरा लाल करणारा रस ज्या पेशींतून निघतो, त्या पेशी काचेच्या बाटल्यांत घालून उबेच्या पेटीत वाढवायचे. त्या खोलीचा उंबरठा मला बंद. बाटलीला माझं बोट कधी लागलं नाही.

माझा बाप कोंबडा कापायच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडायचा. कोंबड्याने अंग झाडलं की देवाने घेतला. मग ओल्या पिसांवरून हात फिरवायचा, आणि सुरी. मीही तसंच करायची. एक दिवस डॉक्टरांनी पाहिलं. "हा अडाणीपणा इथे चालणार नाही." पाणी बंद झालं. कोरडे कोंबडे फडफडायचे, पिसांचा भुगा उडायचा, उघड्या चिरेत बसायचा. मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

"मला शिकवतेस?"

तिसऱ्या दिवशी बाटल्या गढूळ. आंबट वास. पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टर आता ओरडत नव्हते. नुसते माझ्या हातांकडे बघायचे. त्या बघण्याची मला भीती वाटायची. घरी आई आणि दोन भाऊ माझ्याच पगारावर होते. कंपाउंडर हळूच म्हणाला, "गप ऱ्हाय माय, नोकरी जाई तुन्ही."

मी गप्प राहिले. म्हणूनच ते घमेलं माझ्यापुढे आलं.

साहेबांनी विचारलं, बाटल्या का नासल्या. डॉक्टर म्हणाले, "जंगलातली माणसं. यांचे हात कधी स्वच्छ होत नाहीत."

मी हात बाहेर काढले. पिंजऱ्यातला एक कोंबडा कोरडाच काचेच्या ताटलीवर धरला. तो फडफडला. ताटली भुग्याने भरली. दुसऱ्यावर पाणी शिंपडलं, त्याने अंग झाडलं, मी पिसं बसवली आणि त्याला दुसऱ्या ताटलीवर धरलं. ती स्वच्छ राहिली.

"बाटल्या माझ्या हातांनी नाही नासल्या. यांच्या हुकमाने नासल्या."

साहेबांनी ताटल्या पाहिल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. शिकलेली माणसं. त्यांना दिसलं होतं.

"माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

मी सुरी पुसली, टेबलावर ठेवली, निघाले.

महिन्याभराने कंपाउंडर कळसाडीच्या उसाच्या फडात मला शोधत आला. केंद्रात आता कोंबडे ओले करूनच कापतात. ती म्हणे डॉक्टरांची नवी पद्धत. पण आंड फुटतात, हात कोणाचा बसत नाही. डॉक्टरांचा निरोप होता, परत ये, मात्र दारात हातांना फिनाईल लावून आत ये.

माझे तळवे अजून सोलत होते. त्यांत कोयता धरवत नव्हता, तरी मी तोडत होते.

मी म्हटलं, "त्यांना सांग, हात पाहिजे तर आहे तसा घ्या. आणि पाणी कोणी शिंपडलं ते आधी त्याच साहेबांसमोर बोला. तोवर फोडा तुमचे आंड."